तहानलेला टोमॅटो आणि उतावळे बीज

पाऊस लांबला आणि कापणीस आलेले पीक शेतात उभेच राहिले, की कणसांतल्या दाण्यांना तेथेच मोड फुटू लागतात. मुगाच्या शेंगा झाडावर असतानाच आतून अंकुरतात. उपट्या भुईमुगाची काढणी थोडी पुढे गेली आणि जमिनीत ओल राहिली, तर दाणे मातीतल्या शेंगांतच रुजतात. शेतकऱ्याचे नुकसान उघड आहे. मोड आलेल्या गव्हातील पिष्टमय पदार्थाची साखर होऊ लागलेली असते. त्याची कणीक चिकट होते, त्याला बाजारात भाव मिळत नाही, आणि बियाणे म्हणूनही तो निरुपयोगी ठरतो. तथापि वनस्पतिशास्त्रज्ञाला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. दाणे असे रुजतात ह्यापेक्षा ते एरवी रुजत नाहीत, हेच अधिक आश्चर्यकारक आहे.

वाढत्या दाण्याची स्थिती पाहावी. त्याच्या पेशी पाण्याने भरलेल्या असतात, भोवती ऊब असते, मातृवनस्पतीकडून अन्नाचा पुरवठा अखंड चालू असतो, आणि आतला गर्भ तर केव्हाच पुरा घडून तयार झालेला असतो. रुजण्यास जे जे म्हणून लागते ते सर्व येथे हाताशी आहे. तरीही गर्भ वाढ आवरून धरतो, अंगात अन्न साठवितो, आणि शेवटी अंगातले बहुतेक पाणी टाकून देऊन कोरडा खडखडीत होतो. पुढे जमिनीत पडून ओल मिळाली तरी पुष्कळ जातींचे बीज कित्येक आठवडे, कधी कधी कित्येक महिने, हालचाल करीत नाही. ह्या अवस्थेला प्रसुप्तावस्था असे म्हणतात. बीजाला असे थांबवून धरणारे कोण, हा एक प्रश्न.

दुसरा प्रश्न पानाचा आहे. पानाच्या त्वचेवर अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. प्रत्येक रंध्राच्या दोन अंगांना घेवड्याच्या दाण्यासारख्या आकाराच्या दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की बाहेरच्या बाजूस वाकतात आणि मधले छिद्र उघडते. सैल पडल्या की मिटते. ह्या छिद्रांतून हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड आत येतो व त्याचे अन्न होते. परंतु त्याच वाटेने पानातले पाणी वाफ होऊन बाहेर जाते. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी शेकडा नव्वदांहून अधिक पाणी ह्या बाष्पोच्छ्वासात खर्ची पडते. दार उघडे ठेवावे तर पाणी जाते, मिटावे तर अन्न थांबते, असा हा नित्याचा पेच आहे. जमीन सुकू लागली म्हणजे झाड आपली रंध्रे मिटून घेते. ही वर्दी रक्षक पेशींना कोण देते?

वरवर पाहता ह्या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. तरी दोहोंचे उत्तर एकाच द्रव्यात आहे. ॲब्सिसिक अम्ल हे त्याचे नाव. पंधरा कार्बन अणूंचा हा एक लहानसा रेणू आहे. प्राण्यांच्या शरीरात जशी संप्रेरके असतात तशी वनस्पतींतही असतात, म्हणजे अत्यल्प प्रमाणात निर्माण होऊन मोठी कार्ये घडवून आणणारी द्रव्ये. हे अम्ल त्यांपैकीच एक होय. परंतु त्याचे खरे कार्य सिद्ध झाले ते मुख्यत्वे ज्या झाडांत ते जवळजवळ नव्हतेच अशा कोमेजलेल्या, खुरट्या झाडांच्या साक्षीने.

दोन नावांचे एक द्रव्य

१९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात, डेव्हिस येथे, फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांचे सहकारी कपाशीची कोवळी बोंडे अवेळी का गळतात ह्याचा शोध घेत होते. शेकडो किलोग्रॅम बोंडे वापरून त्यांच्या हाती काही मिलिग्रॅम स्फटिक लागले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या द्रव्याला त्यांनी, कापून वेगळे करणे ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, ‘ॲब्सिसिन’ असे नाव देऊन त्यापुढे दोनचा आकडा जोडला. त्याच सुमारास वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे फिलिप वेअरिंग हे निराळ्याच वाटेने चालले होते. हिवाळा जवळ आला म्हणजे सिकॅमोर वृक्षाच्या कळ्या झोपी का जातात, हा त्यांचा प्रश्न. त्या वृक्षाच्या पानांत त्यांना वाढ रोखणारे एक द्रव्य आढळले. झोपेवरून त्याचे नाव ‘डॉर्मिन’ पडले. १९६५ साली इंग्लंडमध्ये काम करणारे रसायनशास्त्रज्ञ जॉन कॉर्नफोर्थ आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ही दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे दाखवून दिले, आणि ते द्रव्य प्रयोगशाळेत घडवूनही दाखविले. १९६७ साली ओटावा येथे भरलेल्या परिषदेनंतर ॲब्सिसिक अम्ल हे नाव रूढ झाले.

नाव मात्र चुकीचे पडले. पाने आणि फळे गळण्याच्या क्रियेत मुख्य वाटा एथिलीन वायूचा असतो, असे पुढे दिसून आले. ॲब्सिसिक अम्लाचा गळतीशी असलेला संबंध दूरचा आहे. डॉर्मिन हे नाव टिकले असते तर निदान अर्धे सत्य त्यात राहिले असते.

१९६९ साली आणखी दोन गोष्टी कळल्या. गव्हाची पाने तोडून कोमेजू दिली तर काही तासांतच त्यांतील ह्या अम्लाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते; आणि हेच अम्ल बाहेरून पानाला पुरविले तर पर्णरंध्रे मिटतात. आता संशय बळावला. तरी संशय म्हणजे पुरावा नव्हे. चोरीच्या जागी सापडलेला मनुष्य चोर असेलच असे नाही. त्याचप्रमाणे कोमेजत्या पानात सापडलेले द्रव्य रंध्रे मिटणारे असेलच असे नाही. बाहेरून भरपूर अम्ल दिले असता झाडाने काही विशिष्ट प्रकारे वागावे, एवढ्यावरून झाड स्वतः रोजच्या व्यवहारात त्याचा तसा उपयोग करते, हे ठरत नाही. त्यासाठी झाडातून ते अम्ल काढून घेऊन काय होते हे पाहिले पाहिजे. परंतु जिवंत झाडातून एक द्रव्य काढून घ्यावे कसे? हे काम निसर्गाने आणि क्ष-किरणांनी आधीच करून ठेवलेले होते.

सदा कोमेजलेला टोमॅटो

आनुवंशिक द्रव्यात अकस्मात होणाऱ्या आणि पुढील पिढीत उतरणाऱ्या बदलाला उत्परिवर्तन म्हणतात, आणि असा बदल घडलेल्या वनस्पतीला उत्परिवर्तक. पूर्व जर्मनीतील गाटर्सलेबेन येथील संस्थेत हान्स स्टुब्बे ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात टोमॅटोच्या बियांवर क्ष-किरण सोडून शेकडो उत्परिवर्तक मिळविले. त्यांत तीन असे होते की मुळाशी ओल असूनही दुपारच्या उन्हात त्यांची पाने मान टाकीत. स्टुब्बे ह्यांनी त्यांना लॅटिन नावे दिली. एकाचे नाव ‘फ्लॅका’, म्हणजे लुळा. दुसऱ्याचे ‘सिटिएन्स’, म्हणजे तहानलेला. तिसऱ्याचे ‘नोटॅबिलिस’, म्हणजे ध्यानात येण्याजोगा. ही झाडे जगवायची तर दमट काचघरात ठेवून त्यांची सतत निगा राखावी लागे.

अशा झाडाची मुळे पाणी ओढण्यास असमर्थ असतील, असे कोणालाही प्रथम वाटेल. इस्राएली शास्त्रज्ञ मोशे ताल ह्यांनी १९६६ साली दाखविले की दोष मुळांचा नसून पानांचा आहे. निरोगी टोमॅटोची पर्णरंध्रे अंधारात मिटतात, पान सुकू लागले की मिटतात. ह्या झाडांची रंध्रे रात्रीही उघडी, आणि पान कोमेजून लोंबू लागले तरी उघडीच. घरातले पाणी संपत आले असता नळ वाहता ठेवावा, तशी ही अवस्था होती.

त्यानंतर ताल आणि त्यांचे सहकारी इंबर ह्यांनी एक साधा प्रयोग केला. फ्लॅकाच्या रोपांवर त्यांनी ॲब्सिसिक अम्लाच्या विरळ द्रावणाची फवारणी सुरू ठेवली. १९७० साली त्यांनी त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. रंध्रे मिटू लागली, पाने ताठ झाली. एवढेच घडले असते तरी पुष्कळ होते. पण फ्लॅकामध्ये इतरही व्यंगे असतात. त्याची पाने खाली वळतात आणि खोडावर नको तेथे मुळे फुटतात. ही व्यंगेही फवारणीने ओसरली. फवारा थांबला की झाड पुन्हा मूळ पदावर. पुढे प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा नोटॅबिलिसमध्ये निरोगी झाडाच्या सुमारे निम्मे, फ्लॅकामध्ये सुमारे एक पंचमांश, आणि सिटिएन्समध्ये सुमारे एक दशांश एवढेच अम्ल आढळले. ज्याच्यात ते सर्वांत कमी, त्याचे नाव ‘तहानलेला’ पडावे, हा केवळ योगायोग. पण शोभून दिसणारा.

बीजाच्या प्रश्नाचेही उत्तर ह्याच झाडात दडलेले होते. सिटिएन्सची फळे पिकून फार दिवस वेलीवर राहिली, तर आतले बी फळाच्या गरातच रुजू लागते.

पांढरी रोपे

मक्याच्या कणसातच काही दाणे रुजावेत असे वंश अमेरिकेतील शास्त्रज्ञांना विसाव्या शतकाच्या पहिल्या तिमाहीपासून परिचित होते. कणसात सरासरी चार दाण्यांमागे एक दाणा हिरवा किंवा पांढरा मोड काढून उभा राहिलेला दिसे. तिनास एक हे प्रमाण पाहून हा मेंडेलच्या नियमाप्रमाणे चालणारा, एका अप्रभावी जनुकाचा खेळ आहे हे ओळखणे कठीण नव्हते. १९५५ साली डॉनल्ड रॉबर्टसन ह्यांनी अशा अनेक जनुकांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला.

त्यांतील एक गोष्ट विचित्र होती. रुजण्याची घाई करणाऱ्या ह्या दाण्यांपैकी पुष्कळांची रोपे पांढरीफटक निपजत. पाने पांढरी असणे आणि बीजाने अवेळी रुजणे ह्यांचा काय संबंध असावा? एकाच जनुकाच्या दोषातून ही दोन्ही लक्षणे उगम पावत होती, तेव्हा ती दुसरीकडे कोठेतरी एकत्र येत असली पाहिजेत.

ती एकत्र येतात गाजराच्या रंगात. गाजर, पिवळा मका, झेंडू ह्यांना पिवळा-नारिंगी रंग देणाऱ्या द्रव्यांना कॅरोटिनॉइडे म्हणतात. हिरव्या पानांतही ती असतात. फक्त हरितद्रव्याच्या गडदपणामुळे ती दिसत नाहीत. तेथे त्यांचे एक काम म्हणजे प्रखर प्रकाशापासून हरितद्रव्याचे रक्षण करणे. मक्याचे हे उत्परिवर्तक कॅरोटिनॉइडे बनवू शकत नव्हते. त्यामुळे त्यांचे हरितद्रव्य उन्हात विटून जाई व रोप पांढरे पडे. आता ॲब्सिसिक अम्ल जर ह्याच कॅरोटिनॉइडांपासून तयार होत असेल, तर दोन्ही लक्षणांचा उलगडा एका फटक्यात होतो. मूळ द्रव्यच नाही, म्हणून रंग नाही आणि संप्रेरकही नाही.

रसायनशास्त्रज्ञांत ह्यावर बराच काळ वाद चालू होता. काहींच्या मते पंधरा कार्बनांचे हे अम्ल झाड पंधरा कार्बनांच्याच लहान रेणूपासून सरळ बनविते. काहींच्या मते चाळीस कार्बनांचा कॅरोटिनॉइडाचा लांबलचक रेणू तोडून त्याचा एक तुकडा घेते. पहिला मार्ग सोपा, दुसरा उधळपट्टीचा. आणि निसर्गाने उधळपट्टीचाच मार्ग पत्करलेला निघाला. १९८३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. फ्लुरिडोन नावाचे तणनाशक कॅरोटिनॉइडांची निर्मिती बंद पाडते. ते निरोगी मक्याच्या वाढत्या कणसावर वापरताच निरोगी दाणेही कणसातच रुजू लागले. म्हणजे उत्परिवर्तकाची हुबेहूब नक्कल औषधाने वठविता आली.

त्याहून नामी पुरावा मिशिगन येथील यान झेव्हार्ट ह्यांच्या प्रयोगशाळेतून आला. ॲब्सिसिक अम्लाच्या रेणूत ऑक्सिजनचे चार अणू असतात. कोमेजणारी पाने त्यांनी नेहमीच्या ऑक्सिजनाऐवजी जड ऑक्सिजनाच्या हवेत ठेवली. झाड हे अम्ल मुळापासून नव्याने रचीत असते, तर त्यात अनेक जड अणू सापडले असते. सापडला तो मुख्यतः एकच. आणि तोही नेमका रेणूच्या त्या टोकाला, जेथे लांब रेणू कापला गेला असेल. उरलेले ऑक्सिजन अणू आधीपासून पानात तयार असलेल्या पिवळ्या द्रव्यातून आलेले होते. करवतीने कापलेल्या लाकडाची ताजी कड जशी ओळखू यावी, तशी ही खूण होती. कापणारे विकर, म्हणजे तो व्यवहार घडवून आणणारे प्रथिन, १९९७ साली पुन्हा मक्याच्याच एका उतावळ्या उत्परिवर्तकाच्या मदतीने सापडले. नोटॅबिलिस टोमॅटोत बिघडलेले असते ते हेच विकर. सिटिएन्स आणि फ्लॅका ह्यांचा दोष त्याच साखळीच्या अगदी शेवटच्या कडीत आहे. म्हणून त्यांचा हिरवा रंग शाबूत राहतो आणि संप्रेरक तेवढे बनत नाही.

न रुजणाऱ्यांतून रुजणारे निवडणे

ज्या रोपाने कोमेजून वा पांढरे पडून स्वतःच आपली ओळख दिली, ते शोधणे सोपे. परंतु लक्षावधी बियांतून हवा तो दोष असलेले नेमके बीज निवडून काढावयाचे, तर त्यासाठी युक्ती लागते. नेदरलँड्समधील वागेनिंगेन येथे मार्टन कोर्नीफ ह्यांनी १९८२ साली वापरलेली युक्ती आजही पाठ्यपुस्तकात देण्याजोगी आहे.

त्यांनी निवडलेली वनस्पती ॲराबिडॉप्सिस ही होती. मोहरीच्या कुळातील हे वीतभर उंचीचे तण आहे. त्याचे बी धुळीच्या कणासारखे बारीक, आणि बीपासून बीपर्यंतचा त्याचा संसार दीड-दोन महिन्यांत आटोपतो. त्यामुळे प्रयोगशाळेत त्याला फार मान आहे. कोर्नीफ ह्यांच्याजवळ ह्या तणाचा एक उत्परिवर्तक वंश होता, जिबरेलिन नावाचे दुसरे एक संप्रेरक बनवू न शकणारा. जिबरेलिन हे बीजाला जागे करणारे द्रव्य आहे. ते नसल्यामुळे ह्या वंशाचे बी ओल, ऊब, प्रकाश सर्व काही मिळूनही रुजत नसे. बाहेरून जिबरेलिन दिले तरच रुजे.

आता जागे करणारे द्रव्य आणि झोपविणारे द्रव्य अशी दोन जर बीजात परस्परांना तोलून धरीत असतील, तर जागे करणाराच नाही अशा बीजातून झोपविणाराही नाहीसा केला असता काय होईल? बीज आपोआप रुजले पाहिजे. कोर्नीफ ह्यांनी ह्या न रुजणाऱ्या बियांवर उत्परिवर्तन घडविणाऱ्या रसायनाची क्रिया केली, पुढील पिढीचे बी मोठ्या संख्येने पेरले, आणि जिबरेलिन मुळीच दिले नाही. असंख्य बिया निपचित पडून राहिल्या. मोजक्या काही रुजल्या. शोधण्याचे कष्टच उरले नाहीत. हवे होते ते बीज स्वतःच डोके वर काढून उभे राहिले. ही रोपे वाढविली तेव्हा ती लवकर कोमेजत होती, आणि तपासली तेव्हा त्यांत ॲब्सिसिक अम्ल फारच थोडे होते. निवड केली होती बीजाच्या वागणुकीवरून, आणि हाती आले ते पाणी न आवरणारे पान. एकच द्रव्य दोन्ही कामे करते ह्याचा ह्याहून स्वच्छ दाखला मिळणे कठीण.

पुढच्याच वर्षी, १९८३ साली, कार्सेन आणि कोर्नीफ ह्यांनी ह्याच वंशांचे निरनिराळ्या प्रकारे संकर करून आणखी एक गोष्ट निश्चित केली. बीजाला झोपविणारे अम्ल आईकडून येते, की गर्भ स्वतः बनवितो? आई उत्परिवर्तक आणि परागकण निरोगी झाडाचे, असा संकर केला असता आईच्या अंगात अम्ल नसूनही बीज झोपले. कारण वडिलांकडून आलेले निरोगी जनुक गर्भाजवळ होते. उलट आईजवळ अम्ल भरपूर असले तरी ज्या गर्भाला स्वतःला ते बनविता येत नव्हते, तो झोपला नाही. आईकडून येणारे अम्ल बीजाच्या वाढीत उपयोगी पडते. झोप मात्र ज्याची त्याने आणावी लागते.

हाक आणि ती ऐकणारे

ह्या संशोधनातून उत्परिवर्तकांचा दुसराही एक वर्ग पुढे आला. ह्यांच्याजवळ अम्ल पुरेसे असते, पण त्याचा परिणाम होत नाही. हाक येते, ती ऐकू जात नाही. १९८४ साली वागेनिंगेन येथेच असे तीन वंश मिळाले. हे कोमेजणारे झाड अम्लाची फवारणी करून बरे होत नाही, आणि तीच त्याची ओळख. त्याच्या जोडीला एक निराळी पद्धतही आली. मातीच्या माठातले पाणी बाहेर झिरपून वाफ होते म्हणून माठ गार राहतो. त्याच कारणाने रंध्रे उघडी असलेले पान मिटलेल्या पानापेक्षा थंड असते. अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याने हा फरक चित्रात दिसतो. पाणी तोडलेल्या शेकडो रोपांच्या वाफ्यात जे रोप गार दिसेल, तेच पाणी उधळणारे. ह्या रीतीने जवाच्या आणि ॲराबिडॉप्सिसच्या रोपांतून हाक न ऐकणारी झाडे हुडकून काढण्यात आली.

हाक ऐकणारे प्रथिन मात्र पुष्कळ काळ सापडेना. २००९ साली अमेरिकेत शॉन कटलर आणि जर्मनीत एर्विन ग्रिल ह्यांच्या गटांनी ते जवळजवळ एकाच वेळी शोधून काढले. आज त्याची कार्यरीत अशी समजते. एरवी एक विकर दुसऱ्या विकराला दाबून ठेवीत असते. ॲब्सिसिक अम्ल ग्राही प्रथिनाच्या खोबणीत बसले, की ते प्रथिन दाबणाऱ्यालाच धरून ठेवते. दबलेले विकर मोकळे होते, आणि रक्षक पेशींच्या भिंतीलगतच्या पटलातील वाटा उघडते. त्या वाटांनी क्षारांचे आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागून पाणी जाते, पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटते. हा सर्व व्यवहार काही मिनिटांत आटोपतो.

कलमांच्या प्रयोगांनीही एक जुना समज हलविला. जमीन सुकते तेव्हा मुळे हे अम्ल बनवून वर पाठवितात व रंध्रे मिटवितात, असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी टोमॅटोचा शेंडा सिटिएन्सच्या मुळांवर बांधण्यात आला. मुळे अम्ल बनविण्यास असमर्थ, तरी जमीन सुकताच शेंड्याने आपली रंध्रे वेळेवर मिटली. पान आपली सोय बरीचशी स्वतःच पाहते, असे दिसते.

आणि ह्या अम्लाला निव्वळ ‘वाढ रोखणारे’ म्हणण्याची जी प्रथा पडली होती, तिलाही उत्परिवर्तकांनीच छेद दिला. फ्लॅका हा दमट हवेत, पाण्याची उणीव पडू न देता वाढविला, तरी निरोगी झाडापेक्षा खुजाच राहतो. अम्लाच्या अभावी त्याच्यात एथिलीन वायू जास्त तयार होतो आणि तो वाढीस बाधक ठरतो, असे २००० साली दाखविण्यात आले. म्हणजे योग्य प्रमाणात हेच द्रव्य वाढीला आधारही देते.

उणे आणि अधिक

ह्या अम्लाची उणीव प्रत्येक वेळी घातकच असते असे नाही. सुंदरबनात आणि कोकणच्या खाड्यांत वाढणाऱ्या कांदळाचे बीज झाडावरच रुजते. त्याचा लांब सोट्यासारखा अंकुर फळातून खाली लोंबत वाढतो आणि मग चिखलात वा पाण्यात पडतो. खारट पाण्याच्या काठी वाळून झोपी जाण्याची गरजच नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा वृक्षांच्या गर्भांत ॲब्सिसिक अम्लाचे प्रमाण त्यांच्या जमिनीवरच्या नातलगांहून कमी आढळले. मक्यात जे व्यंग ठरते, तेच येथे जगण्याचे साधन झालेले आहे.

मनुष्यानेही नकळत हाच मार्ग काही अंशी धरला. पेरलेले बी एकदम आणि सारखे उगवावे म्हणून शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी न झोपणारे बी निवडत आणले. जे बी झोपून राहिले ते कापणीत आलेच नाही. अवेळी पावसात कणसातच मोड येणे ही त्या निवडीची किंमत होय. गव्हात तांबड्या दाण्यांच्या जाती सामान्यतः जास्त झोपाळू असतात, आणि भारतात पसंती पांढऱ्या-पिवळसर दाण्याला आहे. आपल्याकडे गव्हाची कापणी बहुधा कोरड्या दिवसांत होते म्हणून हे निभावून जाते. एखाद्या वर्षी त्या दिवसांत पाऊस झाला की निभावत नाही.

तेव्हा बीजातील अम्ल वाढवावे, हा उपाय सुचणे साहजिक आहे. २००० साली इंग्लंडमध्ये टोमॅटोत कॅरोटिनॉइड कापणाऱ्या विकराचे जनुक अधिक जोराने चालविण्यात आले. अम्ल वाढले; परंतु त्या झाडांचे बी पेरल्यावरही रुजण्यास फार वेळ घेऊ लागले. पानाच्या बाबतीतही असाच अनुभव आहे. २०१५ साली कटलर ह्यांच्या गटाने ग्राही प्रथिनाची खोबण अशी बदलली की पिकावर फवारल्या जाणाऱ्या एका बुरशीनाशकानेही ती भरावी. फवारा मारताच अशा झाडांची रंध्रे मिटतात आणि ती अवर्षणात अधिक काळ तग धरतात. परंतु मिटलेल्या रंध्रांतून कार्बन डाय-ऑक्साइडही आत येत नाही, आणि माठासारखे गार राहणारे पान तापू लागते. फवारा केव्हा मारावा आणि केव्हा थांबवावा, हे ठरविणे रसायनापेक्षा अवघड आहे.

भुईमुगाच्या बाबतीत प्रजननतज्ज्ञांनी मधला मार्ग धरला आहे. हैदराबादजवळ पाटनचेरू येथील इक्रिसॅट ह्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत उपट्या भुईमुगाचे असे वंश तयार करण्यात आले की ज्यांचे ताजे बी काढणीनंतर दोन-तीन आठवडे रुजत नाही आणि मग नेहमीप्रमाणे रुजते. काढणीच्या वेळचा पाऊस उलटून जाण्यास एवढी झोप बहुधा पुरते, आणि पुढच्या हंगामात पेरताना ती आड येत नाही.